पाटी कोणी लावली?

आमच्या दवाखान्यात शिरताना डाव्या हाताच्या भिंतीवर एक पाटी आहे. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. असे निदान करणे हा कायद्याने गुन्हा आहे.’ सोनोग्राफीचे यंत्र असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशी पाटी मराठीत आणि इंग्रजीत लावावीच लागते. इतक्या वर्षांच्या सवयीमुळे तिच्याकडे आता कोणी मान वर करून पाहतही नाही. पण गेल्या आठवड्यात याच पाटीखालच्या बाकावर दोन ज्येष्ठांची चांगलीच जुंपली.

एक आमच्या गावचे निवृत्त मुख्याध्यापक. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. ते नातसुनेला तपासणीसाठी घेऊन आले होते. दुसरे कचेरीतून निवृत्त झालेले भाऊसाहेब. ते सुनेचा रिपोर्ट न्यायला आले होते. बसल्या बसल्या भाऊसाहेबांनी आपल्या मोबाईलवर गुरुजींना एक चित्रफीत दाखवली. हातात मावेल एवढे सोनोग्राफीचे यंत्र, ते मोबाईलला जोडायचे, की पोटातले चित्र मोबाईलच्या पडद्यावर!

गुरुजी म्हणाले, “हे उद्या कोणाच्याही खिशात येईल. याच्यावर विधानसभेत, संसदेत कडक कायदा व्हायला हवा. मते आपण त्यांना देतो, तेव्हा नियमही त्यांनीच केले पाहिजेत.”

भाऊसाहेब हसले. “अहो गुरुजी, आमदार-खासदारांना यंत्रातले काय कळते? त्यांचा कायदा होईपर्यंत यंत्राची चार नवी मॉडेल बाजारात आलेली असतात. हे काम तज्ज्ञांचे. त्यांचे मंडळ नेमावे, त्यांनी नियम करावेत आणि गरज पडेल तसे बदलावेत.”

“आणि त्या मंडळाने चुकीचा नियम केला, तर मी जाब कोणाला विचारू? आमदाराला निदान पाच वर्षांनी घरी तरी बसवता येते!”

शेवटी दोघेही माझ्याकडे वळले. “डॉक्टरबाई, तुम्हीच सांगा.”

बाहेर पंधरा पेशंट खोळंबले होते. ‘या आठवड्याच्या सदरात सांगते,’ असे म्हणून मी वेळ मारून नेली. तो शब्द आज पाळते आहे. आरोग्याच्या सदरात हा कायदेकानूंचा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु वैद्यकातील एखाद्या यंत्राचे नियम कोणी केले, कसे केले आणि कोणी पाळून घेतले नाहीत, यावर किती मुली जन्माला आल्या आणि किती आल्या नाहीत, हे ठरले आहे. याहून मोठा आरोग्याचा प्रश्न कोणता?

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. सोनोग्राफीचे यंत्र वाईट नाही. वार खाली आहे का, बाळाची वाढ नीट आहे का, पाठीच्या कण्यात किंवा हृदयात दोष आहे का, हे या यंत्रामुळे वेळेवर कळते. अनेक बाळंतिणींचे प्राण त्यामुळे वाचले आहेत. प्रश्न यंत्राचा नाही, त्याच्या वापराला लगाम कोणी घालायचा याचा आहे.

परिपत्रकाने काय साधले?

भाऊसाहेबांचे म्हणणे आपल्या देशाने आधी करून पाहिले आहे. गर्भाभोवतीचे पाणी काढून तपासण्याची पद्धत, म्हणजे गर्भजल परीक्षा, आपल्याकडे १९७० च्या दशकात आली. बाळात जन्मजात दोष आहे का, हे पाहण्यासाठी ती होती. पण त्या परीक्षेत बाळाचे लिंगही कळते, आणि लोकांना नेमके तेवढेच हवे होते. त्याच दशकाच्या उत्तरार्धात सरकारने आदेश काढून सरकारी रुग्णालयांत लिंग ओळखण्यासाठी ही परीक्षा करण्यास मनाई केली.

आदेश योग्य होता, तज्ज्ञांच्या सल्ल्याचाही होता. पण त्याचा अंमल सरकारी रुग्णालयाच्या कुंपणापर्यंतच. कुंपणाबाहेर खाजगी दवाखान्यांत हा धंदा जोरात सुरू झाला. आज काही शे रुपये खर्च करा आणि पुढचा हुंड्याचा खर्च वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत. खात्याला आपल्या नोकरांना आदेश देता येतो. खाजगी डॉक्टरला तुरुंगात पाठवण्याची ताकद परिपत्रकात नसते. ती फक्त कायद्यात असते, आणि कायदा करण्याचा अधिकार निवडून आलेल्या सभागृहाचा.

याचे दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. वंध्यत्वावरील उपचारांसाठी, म्हणजे ज्याला लोक ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणतात त्यासाठी, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती जाणकारांनी लिहिली होती. पण ती न पाळणाऱ्याला शिक्षा काय, तर काही नाही. या विषयावर संसदेचा कायदा झाला तो २०२१ साली. मधल्या सोळा वर्षांत गावोगावी केंद्रे निघाली आणि तत्त्वे पाळायची की नाही हे ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर राहिले. तज्ज्ञ होते, तत्त्वेही होती, दात नव्हते.

कायदा झाला, मुली कमीच झाल्या

म्हणजे गुरुजींचे बरोबर? थांबा. तोही प्रयोग झाला आहे, आणि तो आपल्याच राज्यात झाला आहे.

१९८० च्या दशकात मुंबईतील स्त्री संघटना, काही डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांनी गर्भलिंग निदानाविरुद्ध मोहीम उभारली. त्यातून १९८८ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायदा केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. त्यानंतर १९९४ साली संसदेने देशासाठी कायदा केला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो लागू झाला.

आता आकडे पाहा. शून्य ते सहा या वयातील दर एक हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली त्या ९१३ झाल्या, आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हा आकडा ८०७ पर्यंत खाली गेला. देशात सर्वांत आधी कायदा करणाऱ्या राज्याची ही स्थिती!

असे का झाले? पहिले कारण म्हणजे कायदा एका यंत्रावर नजर ठेवून केला आणि तंत्र पुढे निघून गेले. १९८८ च्या कायद्याचा रोख मुख्यतः गर्भजल परीक्षेवर होता. तोवर सोनोग्राफी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचू लागली होती. ना सुई, ना प्रयोगशाळा. पडद्यावर पाहायचे, आणि तोंडाने एक शब्दही न बोलता ‘पेढे आणा’ किंवा ‘बर्फी आणा’ एवढी खूण करायची. शिवाय तो कायदा राज्यापुरता. सीमेपलीकडच्या गावात गेले की संपले. १९९४ च्या कायद्यात केंद्रांची नोंदणी आली, पण यंत्रे कोणाला विकली याचा हिशेब आला नाही, आणि गर्भ राहण्याआधीच मुलगा निवडण्याची तंत्रेही त्यात नव्हती.

दुसरे कारण अधिक साधे आहे. कायदा राबवायला माणूसच नव्हता. कायद्याने ‘समुचित प्राधिकारी’ नेमायला सांगितले होते. परंतु कित्येक ठिकाणी ते नेमलेच नाहीत, आणि जिथे नेमले तिथे त्यांनी यंत्रे मोजलीही नाहीत. अखेर २००० साली ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या महाराष्ट्रातील दोन संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने ४ मे २००१ रोजी सरकारांना बजावले, की जिल्हा आणि त्याखालच्या पातळीवर अधिकारी नेमा, त्यांची माहिती लोकांना द्या आणि दर तीन महिन्यांनी अहवाल पाठवा. यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांकडून ग्राहकांच्या याद्याही मागवल्या. म्हणजे देशात सोनोग्राफीची यंत्रे आहेत तरी कुठे, हे कळायला कायदा लागू झाल्यावर पाच वर्षे आणि न्यायालयाचा दट्ट्या लागला. आपली वरातीमागून घोडे ही रीत इथेही चुकली नाही.

तात्पर्य, परिपत्रक होते तेव्हा दात नव्हते. कायदा झाला तेव्हा दात आले, पण चावायला जबडा नव्हता.

गुन्ह्याचे नाव लिहा, यंत्राचे नको

२००२ साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि तो फेब्रुवारी २००३ पासून लागू झाला. या दुरुस्तीकडून शिकण्यासारखे बरेच आहे. कायद्याचे नावच बदलले. आता तो ‘गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदानतंत्रे कायदा’ झाला आणि ‘लिंग निवडीस प्रतिबंध’ हे शब्द नावात आले. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला किंवा केंद्राला सोनोग्राफी यंत्र विकणेही गुन्हा ठरले. अधिकाऱ्याला झडती घेण्याचे आणि चौकशीसाठी बोलावण्याचे अधिकार स्पष्टपणे मिळाले.

मुख्य म्हणजे कायद्याने बोट यंत्राकडे न दाखवता कृत्याकडे दाखवले. पोटातल्या बाळाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा इतर कोणत्याही प्रकारे सांगायचे नाही. मग ते सोनोग्राफीने कळलेले असो, पाण्याच्या तपासणीने असो की रक्ताच्या.

याचा उपयोग आज दिसतो. आता आईच्या हातातून थोडे रक्त घेऊन, दहाव्या आठवड्याच्या सुमारास, बाळाच्या गुणसूत्रांतील काही दोष ओळखता येतात. बाळाच्या गुणसूत्रांचे अंश आईच्या रक्तात फिरत असतात, त्यावरून हे कळते. त्याच तपासणीत लिंगही कळू शकते. १९९४ साली संसदेत बसलेल्या कोणाच्या स्वप्नातही ही तपासणी नव्हती. पण कायद्यात गर्भवतीच्या रक्ताची तपासणी हे शब्द होते आणि लिंग सांगण्यास मनाई होती. म्हणून नवा कायदा न करताही ती लक्ष्मणरेषा या तपासणीला लागू पडते. भाऊसाहेबांच्या मोबाईलमधल्या त्या चिमुकल्या यंत्रालाही ती लागू आहे. गुरुजी, तुमच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा.

भाऊसाहेबांचे कुठे बरोबर आहे?

परंतु रेषा आखून काम संपत नाही. यंत्राची नोंद कशी ठेवायची, तपासणी का केली हे कोणत्या फॉर्मवर लिहायचे, फिरत्या गाडीतले यंत्र कुठपर्यंत नेता येईल, यंत्र मोडीत काढले तर कोणाला कळवायचे, हे प्रश्न विधानसभेत मतदानाला टाकून सुटणार नाहीत. ते दर दोन वर्षांनी बदलतात. ज्याच्या हाताखालून रोज यंत्रे जातात त्यालाच ते समजतात.

इतरत्रही हेच दिसते. हृदयाच्या धमनीत बसवण्याच्या स्टेंटची किंमत कशी पडली, हे वाचकांना आठवत असेल. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये. हे संसदेने केले नाही. पण प्राधिकरणाला तो अधिकार कोठून आला? संसदेच्या १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यातून. गरजेच्या वस्तूंच्या किमतीत सरकारला हात घालता येईल, हे तत्त्व संसदेचे. आकडा हिशेब करणाऱ्यांचा.

तसेच रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर तपासण्याचे यंत्र, तापमापक या घरोघरीच्या वस्तू. १९४० च्या औषध कायद्याखाली सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये एक अधिसूचना काढली आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे त्या कायद्याच्या कक्षेत आणली. त्यासाठी पुन्हा संसदेत कायदा करत बसलो असतो, तर किती वर्षे गेली असती कोण जाणे. एवढा वेग सभागृहाला झेपत नाही, आणि झेपण्याची अपेक्षाही करू नये.

पण लगाम लावणाऱ्याला लगाम?

इथे गुरुजींची शंका पुन्हा उभी राहते. नियम करणारा अधिकारी चुकला तर काय? तीन प्रसंग सांगते.

पहिला प्रसंग कोल्हापूरचा. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी जिल्ह्यातील सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण जोडायला लावले. प्रत्येक तपासणीची नोंद त्यात आपोआप राहते. क्षकिरणतज्ज्ञांची संघटना उच्च न्यायालयात गेली. जिल्हाधिकाऱ्याला हा अधिकार आहे काय, आणि पेशंटच्या खाजगीपणाचे काय, असे प्रश्न निघाले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश उचलून धरला. प्रयोग चांगल्या हेतूचा होता आणि त्यांची तळमळ वादातीत. पण माझ्या मनात एक प्रश्न राहतोच. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची फिल्म ठेवायची की नाही, हे एका जिल्ह्यात एक आणि शेजारच्या जिल्ह्यात दुसरे, असे असावे काय? चांगल्या अधिकाऱ्याची बदली होते. कायद्याची बदली होत नाही.

दुसरा प्रसंग २०१४ चा. केंद्र सरकारने नियम केला, की एम.बी.बी.एस. डॉक्टरला सोनोग्राफी करायची तर सहा महिन्यांचे प्रशिक्षण हवे. कल्पना वाईट नव्हती. पण डॉक्टरांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले, की मूळ कायद्याने जेवढा अधिकार दिला त्यापलीकडे हा नियम जातो. नियम पडला. पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. खेड्यापाड्यांत जिथे दुसरा डॉक्टरच नाही, तिथल्या गर्भवतीचा आणि डॉक्टरचा हा प्रश्न. तो काही वर्षे न्यायालयांच्या पायऱ्यांवर चढउतर करत राहिला. कारण कायद्यात ते वाक्य पुरेसे स्पष्ट नव्हते.

तिसरा प्रसंग टाळेबंदीतला. ४ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढून या कायद्याखालचे काही नियम ३० जून २०२० पर्यंत स्थगित केले. नोंदणीचे नूतनीकरण, केंद्रांनी दर महिन्याला द्यायचा अहवाल आणि अधिकाऱ्यांनी दर तिमाहीला पाठवायचा अहवाल असे ते नियम. मंत्रालयाने खुलासा केला की गर्भलिंग निदानावरील बंदी कायम आहे, फक्त कागद पाठवायच्या मुदती पुढे ढकलल्या आहेत. अडचणीचा काळ होता, हे मान्य. पण हा कायदा उभा आहे तो कागदांवरच. लिंग सांगताना साक्षीदार नसतो. पुरावा मिळतो तो फॉर्म आणि नोंदवही यांतूनच. ज्या कागदांवर कायदा तगून आहे, ते एका अधिसूचनेने बाजूला ठेवता येतात, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

कागदांविषयी आम्हा डॉक्टरांची कुरकुर असते, हे मी लपवत नाही. प्रत्येक गर्भवतीमागे एफ फॉर्म भरताना माझ्याही कपाळाला आठ्या पडतात. एक रकाना राहिला म्हणून गुन्हेगार ठरवू नका, असे म्हणत स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने ते मानले नाही. अपुरा फॉर्म म्हणजे नुसती लेखणीची चूक नव्हे, असे न्यायालय म्हणाले. याला आधार होता संसदेच्या कायद्यातील कलमाचा: नोंदी अपुऱ्या असतील तर त्या निर्दोष आहेत हे डॉक्टरने सिद्ध करायचे. एवढे कठोर कलम एखाद्या अधिकाऱ्याने परिपत्रकातून आणले असते, तर ते न्यायालयात टिकले असते असे मला वाटत नाही. कोणाच्या स्वातंत्र्यावर आणि पोटावर गदा येणार असेल, तर तो निर्णय लोकांनी निवडून दिलेल्यांनीच, उघड चर्चा करून घ्यायला हवा.

जिथे वाटणी जमली

हे दोन्ही हात एकत्र कसे चालावेत, याचे एक उदाहरण ब्रिटनचे आहे. पहिले टेस्ट ट्यूब बाळ १९७८ साली तिथेच जन्मले. मग प्रश्न आला, की प्रयोगशाळेतील मानवी भ्रूणावर किती दिवस संशोधन करू द्यावे? त्यांनी समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ साली आला आणि १९९० साली संसदेने कायदा केला. चौदा दिवसांपलीकडे नाही, ही रेषा संसदेने स्वतः कायद्यात लिहिली. दवाखान्यांना परवाने देणे, तपासणी करणे, बारीकसारीक नियम करणे यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले. हौसेखातर मुलगा की मुलगी निवडण्यास या प्राधिकरणाने आधी आपल्या नियमांनी मनाई ठेवली. २००८ साली संसदेने तीच मनाई कायद्यात घातली.

पुढे आईच्या पेशीतील विशिष्ट दोष टाळण्यासाठी दुसऱ्या स्त्रीच्या बीजाची मदत घेण्याचे तंत्र आले. तेव्हा प्राधिकरणाने शास्त्रीय बाजू तपासली, पण परवानगी द्यायची की नाही हा प्रश्न संसदेपुढे नेला. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहात ३८२ विरुद्ध १२८ मतांनी तो संमत झाला. निर्णय कोणाला पटो न पटो, कोणी घेतला हे तिथल्या प्रत्येक नागरिकाला ठाऊक आहे.

माझे मत

तर गुरुजी आणि भाऊसाहेब, माझे मत असे आहे. काय करायचे नाही, त्याची शिक्षा काय आणि अधिकाऱ्याला अधिकार किती, हे आमदार-खासदारांनी ठरवावे आणि कायद्यात लिहावे. ते लिहिताना यंत्राचे नाव न लिहिता कृत्याचे लिहावे. त्या चौकटीत राहून रोजचे नियम तज्ज्ञांनी करावेत आणि अधिकाऱ्यांनी राबवावेत. तज्ज्ञांनी रेषा हलवू नये. आमदारांनी यंत्राचा स्क्रू पिळू नये.

आणि दोघांनीही हिशेब द्यावा. याची तरतूद कायद्यात आहे, पण ती कोणाला ठाऊक नसते. सरकारने या कायद्याखाली केलेला प्रत्येक नियम संसदेच्या पटलावर तीस दिवस ठेवावा लागतो. संसद तो बदलू शकते, रद्दही करू शकते. केंद्रीय मंडळावर तीन महिला खासदार असतात आणि राज्याच्या मंडळावर विधिमंडळाच्या तीन महिला सदस्य. राज्य मंडळाची बैठक चार महिन्यांतून निदान एकदा व्हायला हवी. जिल्ह्याच्या सल्लागार समितीत डॉक्टरांबरोबर कायदेतज्ज्ञ आणि तीन समाजसेवक असतात, त्यांत स्त्री संघटनेची प्रतिनिधी हवीच. तिच्या दोन बैठकांमध्ये साठ दिवसांहून अधिक अंतर पडता कामा नये.

आता तुम्ही सांगा, आपल्या जिल्ह्याच्या समितीची शेवटची बैठक कधी झाली? सदस्य कोण आहेत? आपल्या आमदारांनी याविषयी सभागृहात प्रश्न विचारल्याचे तुम्ही ऐकले आहे का? मत मागायला ते दारी येतात, तेव्हा रस्ता आणि नळ यांबरोबर हेही विचारायला काय हरकत आहे?

हे विचारले नाही की काय होते, ते मार्च २०१७ मध्ये दिसले. सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे एका स्त्रीच्या मृत्यूनंतर तपास सुरू झाला आणि ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. राज्याचा कायदा होऊन तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती. कायदा होता, नियम होते, अधिकारी होते. विचारणारे कोणी नव्हते.

म्हणून वाचकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. कोठे गर्भलिंग निदान होत असल्याचे कळले, तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, महापालिका हद्दीत असाल तर तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. त्यांनी काही केले नाही, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकालाही थेट न्यायालयात जाता येते. ज्या स्त्रीवर तपासणीची जबरदस्ती झाली तिने घाबरू नये. तिच्यावर घरच्यांनी दबाव आणला असेच कायदा धरून चालतो. आणि कायद्याच्या मर्यादेत राहून केलेला गर्भपात हा गुन्हा नाही. तो वेगळा कायदा आहे, १९७१ चा. दोहोंची गल्लत करून अडचणीतल्या बाईला दारातून परत पाठवणे हाही अन्यायच.

गुरुजींच्या नातसुनेची तपासणी व्यवस्थित झाली. बाळाची वाढ छान आहे, वार वर आहे, पाणी पुरेसे आहे. जाताना गुरुजींनी चष्मा सारखा करून ती पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, “डॉक्टरबाई, ही पाटी लावण्याचा नियम कायद्यात आहे की नियमावलीत?”

नियमावलीत आहे, गुरुजी. सरकारने केलेल्या नियमाने ती भिंतीवर लागली. तिच्यावर जे लिहिले आहे, ते मात्र संसदेच्या कायद्यातले आहे. आणि ते पाळले जाते की नाही, हे पाहण्याचे काम तुमचे, भाऊसाहेबांचे आणि माझेही आहे.